पानाचं दार

पर्णरंध्र हा शब्द मी शिकलो तो दोन मार्कांसाठी. पानावरची सूक्ष्म छिद्रे, त्यांतून वायूंची देवाणघेवाण होते व पाण्याची वाफ बाहेर पडते, एवढं लिहिलं की मास्तर बरोबरची खूण करायचे. 1977 साली दहावी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतरचे सगळे पावसाळे मी पानांतच काढले. भाताची पात, वालाचं पान, कारल्याचा वेल, आंब्याची तांबूस पालवी. पान पिवळं पडलं की युरिया आठवायचा, पान वळलं की पाणी आठवायचं. पानाला दार असतं आणि ते दार कुणाच्या तरी सांगण्यावरून उघडतं-मिटतं, हा विषय मात्र शेतात कधी निघाला नव्हता.

तो निघाला आमच्या पाड्यावर एका दिव्यावरून भांडण झालं तेव्हा. रस्त्याचा दिवा, साधा. त्या भांडणाकडे मी येणारच आहे. पण आधी पानाचं सांगतो, कारण पान कळल्याशिवाय ते भांडण नुसतं पाड्यावरचं भांडण वाटेल. आणि माझ्या मते ते तेवढंच नव्हतं.

आमची जमीन अंबरनाथहून मलंगगडाच्या अंगाला आहे. जमीन म्हणजे उरलेली खाचरं. पावसाळ्यात भात, भात निघालं की अंगओलीवर वाल, घराच्या मागे थोडी भाजी. नात अकरावीला सायन्सला आहे. तिच्याकडे कागदाचा, घडी घालायचा सूक्ष्मदर्शक आहे. फोल्डस्कोप म्हणतात त्याला. मूळचे आपल्याच देशातले आणि आता अमेरिकेत शिकवणारे मनु प्रकाश यांनी तो काढला. तिनं आईची नेलपॉलिश घेतली, वालाच्या पानाला खालच्या अंगाला पातळ लावली, वाळू दिली आणि वर चिकटपट्टी लावून ओढून काढली. पानाचा जणू अंगठ्याचा ठसा त्या पट्टीवर आला. मग ती पट्टी उजेडाकडे धरून मला म्हणाली, "आबा, बघा. ओठ दिसतायत."

मला ओठ वाटले नाहीत. वालाचे दोन दाणे पोटाकडून एकमेकांसमोर ठेवावेत आणि मध्ये फट राहावी तसं ते दिसलं. असे जोडच्या जोड सगळीकडे. बहुतेक पानांवर एका चौरस मिलिमीटरात शंभर ते तीनशे असतात म्हणे. पेनानं टिंब दिलं तर त्या टिंबाखाली शंभरेक दारं. आणि गंमत अशी, की ही सगळी दारं सताड उघडली तरी त्यांची मिळून जागा पानाच्या शंभर हिश्शांत एक-दोन हिस्सेच भरते. एवढ्याशा जागेतून झाडाचा सगळा व्यवहार चालतो.

पोरगी हुशार. तिनं आदल्या रात्री वालाच्या एका वेलावर घमेलं उपडं घालून ठेवलं होतं. सकाळी नऊ वाजता उन्हातल्या पानाचा ठसा घेतला आणि घमेल्याखालच्या पानाचाही, लगेच. उन्हातल्या ठशात दाण्यांच्या मध्ये फटी दिसत होत्या. घमेल्याखालच्या ठशात दाणे एकमेकांना चिकटलेले. घमेल्याखालच्या पानाला कुणी वेळ सांगितली नव्हती. त्याच्या दृष्टीनं अजून रात्रच होती.

दार उघडतं कसं, ते तिनं मला वाचून दाखवलं आणि मी माझ्या भाषेत लावून घेतलं. दाण्यासारख्या त्या दोन पेशींना रक्षक पेशी म्हणतात. उजेड पडला की त्या आजूबाजूचं पलाश आत ओढतात. तेच पलाश, म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीतलं. पलाशामागून पाणी आत येतं आणि पेशी फुगतात. त्यांची फटीकडची भिंत जाड असते, बाहेरची पातळ. सायकलच्या ट्यूबला एका अंगाला जाड रबर चिकटवून हवा भरली तर ट्यूब कशी वाकते, तशा त्या वाकतात आणि मध्ये फट पडते. पाणी निघून गेलं की पेशी ढिल्या पडतात आणि फट मिटते. भाताच्या पातीवर याच पेशी वालाच्या दाण्यासारख्या नसून डमरूसारख्या असतात. दोन टोकं फुगली की मधला भाग बाजूला सरतो. गवताच्या जातीतली ही डमरूची दारं इतरांपेक्षा लवकर उघडतात-मिटतात. पलाश कमी पडलेलं पीक दुपारी लवकर मान टाकतं हे मी डोळ्यांनी बघत आलोय. त्याचं एक कारण इथे, दाराच्या बिजागरीत आहे.

आता उजेडाचं. उजेड दाराला दोन वाटांनी सांगतो. एक वाट हिशेबाची. उजेडात पान अन्न करायला लागतं, आतला कर्बवायू संपत येतो, तो कमी झाला की दार उघडतं. माल संपला की कोठाराचं दार उघडावं तसं. दुसरी वाट वेगळी आहे आणि मला तीच जास्त विचारात पाडते. ती निळ्या उजेडाची. लाल उजेडाचा झोत पानावर भरपूर असताना वरून थोडासा निळा उजेड टाकला, तरी दारं आणखी उघडतात. तेवढ्या निळ्या उजेडानं काही फार जास्तीचं अन्न होत नाही. म्हणजे निळा उजेड हे इथे अन्न नव्हे, निरोप आहे. रक्षक पेशींत फोटोट्रॉपिन नावाची प्रथिनं असतात, ती हा निरोप घेतात. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या आणि त्यांच्या बरोबरच्या शास्त्रज्ञांनी 2001 साली हे दाखवून दिलं. रोप खिडकीकडे वाकतं, तेही याच प्रथिनांमुळे.

पहाटे शेतावर गेलेल्याला निळा उजेड सांगावा लागत नाही. सूर्य डोंगराआड असतो, झुंजूमुंजू झालेलं असतं आणि सगळं शिवार निळसर दिसतं. ऊन अजून पातीवर आलेलं नसतं, पण दार किलकिलं व्हायला लागतं. नफा हातात यायच्या आधी, नुसत्या निरोपावर.

आणि उघडणं फुकट नाही. त्याच दारातून पाणी जातं. कर्बवायूचा एक कण आत घेताना पाण्याचे काही शे कण बाहेर जातात. मुळानं ओढलेल्या पाण्यातलं शंभरातलं पंच्याण्णवच्या वर असं वाफ होऊन निघून जातं. आपण म्हणतो झाड पाणी पितं. झाड पाणी पित नाही, पाणी मोजून देतं आणि त्या बदल्यात खातं. दार मिटून बसावं तर उपास. उघडून बसावं तर तहान. दोन्हीतून सुटका होईल असा तिसरा मार्ग त्याला नाही.

मार्ग नाही म्हणालो, पण आडवळण आहे, आणि ते कुणाच्याही परसात बघता येतं. पानफुटी. मुतखड्यावर देतात ती, पान टाकलं की कडेला पोरं फुटतात ती. तिचं पान पहाटे तोंडात टाकून बघा, आंबट लागतं. तेच झाड, दुपारी पान खा, आंबटपणा गेलेला. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतीचा माणूस मद्रासकडे कंपनीच्या नोकरीत होता. त्यानं हे पान सकाळ-दुपार-संध्याकाळ चावून पाहिलं आणि चवीतला फरक लिहून विलायतेला कळवला. 1815 साली ते छापून आलं. कारण पुष्कळ नंतर कळलं. पानफुटी, निवडुंग, कोरफड, अननस ही मंडळी दार रात्री उघडतात. रात्री गारवा असतो, पाणी कमी जातं. आत आलेला कर्बवायू रात्रभर आंबट करून साठवतात आणि दिवसा दार मिटून, उजेडात, त्याचं अन्न करतात. सगळं जग ज्याला उघडायची वेळ म्हणतं त्या वेळी ही दार लावून घेतात, आणि उपाशी मरत नाहीत. आमच्या आईला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण पानफुटीचं पान औषधाला तोडायचं ते सकाळी, असा तिचा दंडक होता.

आता मुद्द्याचं. उजेड सांगतो उघड. पण दाराला सांगणारा तो एकटाच नाही. माती सुकली की खबर मुळाकडून वर जाते, पानात एक आम्ल वाढतं, अॅब्सिसिक आम्ल त्याचं नाव, आणि ते रक्षक पेशींना पलाश बाहेर टाकायला लावतं. दार मिटतं. वर ऊन मी म्हणत असतं, तरी मिटतं. वैशाखातल्या दुपारी झाडं उन्हात नुसती उभी असतात, खात नाहीत, हे त्यामुळे. उजेडाचं निमंत्रण आणि मुळाची तहान यांत भांडण लागलं, तर निकाल मुळाच्या बाजूनं लागतो.

याला ठरवणं म्हणायचं का? नातीला मी विचारलं. ती म्हणाली, "आबा, ते केमिकल आहे. ठरवत बिरवत काय नाय." बरोबर असेल. पण मला विचाराल तर दोन आवाज ऐकून एकाचं ऐकणं आणि दुसऱ्याला थांब म्हणणं, यापलीकडे ठरवण्यात आणखी काय असतं? माणसाला ठरवल्यावर झोप लागत नाही, पानाला लागते, एवढाच मला फरक दिसतो. मी पानाला शहाणं म्हणत नाही. झाडं प्रेम करतात, झाडं गाणं ऐकतात असलं लिहिणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचं नाही. मी एवढंच म्हणतो, की दार ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच, मग तो पान असो की घर की गाव. दार कुणाच्या सांगण्यावरून उघडायचं? जो बाहेरून चमकतो त्याच्या, की जो आतून तहानलेला आहे त्याच्या?

आपल्यात उजेडाला फार मान. संध्याकाळी दिवा लागला की हात जोडायचे. अज्ञान म्हणजे अंधार, पाप म्हणजे अंधार, भूत अंधारात. मलाही तसंच शिकवलं. पण अंबरनाथचं शिवमंदिर बघा. वालधुनीच्या काठचं, शिलाहारांच्या वेळचं, शिलालेखात 1060 साल असलेलं. तिथे देव उंचावर झगझगीत ठेवलेला नाही. मंडपातून पायऱ्या उतरून खाली जमिनीच्या पोटात जायचं, तिथे गाभारा. वरून उजेडाचा एक तुकडा येतो तेवढाच. ज्यांनी ते बांधलं त्यांना अंधाराचं भय नसावं. अंधारालाही काही काम असतं हे त्यांना माहीत असावं.

पानाला रात्रीचं काय काम असतं? दार मिटलेलं असतं, म्हणून दिवसभर जे पाणी गेलं ते भरून काढता येतं. श्रावण-भाद्रपदात पहाटे भाताच्या पातीच्या टोकावर मोत्यासारखे थेंब असतात. आपण सगळे त्याला दव म्हणतो. दव पातीवर सगळीकडे पडतं. हे थेंब मात्र बरोब्बर टोकांवर असतात. ते आतून आलेले. रात्री दारं बंद, मुळं तर पाणी वर लोटतच असतात, मग ते पाणी पातीच्या टोकाच्या वेगळ्या छिद्रांतून थेंब होऊन बाहेर येतं. भरल्या घराची खूण आहे ती. मी बांधावर उभा राहून ते थेंब बघतो तेव्हा मला कुणी पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

इथे एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो. आमच्या पट्ट्यात कारखाने पुष्कळ. हिवाळ्यात वारा पडतो आणि रात्रभराचा धूर, वास, पहाटे जमिनीलगत बसून असतो. माणूस खिडकी लावून घेतो. पान त्याच वेळेला दार उघडत असतं, कारण त्याला निरोप उजेडाचा आलेला असतो. हवेत काय आहे याची चौकशी करणारं कुणी त्याच्या दारावर त्या मानानं नाही. तहान ओळखायला लाखो वर्षं मिळाली, हा धूर ओळखायला मिळाली कुठे? यावर लिहायचं तर वेगळं पुस्तक होईल. पुढे जातो.

तर दिवा.

स्टेशनकडून आमच्या पाड्याला येणारा रस्ता आमच्या आणि शेजाऱ्याच्या खाचरांमधून येतो. पूर्वी एका वळणावर पिवळा बल्ब होता, असून नसल्यासारखा. दोन वर्षांपूर्वी तिथे उंच खांब आला आणि पांढरा एलईडी दिवा. खाली सुई पडली तर सापडेल असा. सगळ्यांना आनंद झाला. मलाही.

त्या वर्षी भात निसवायच्या दिवसांत शेजारी मला बोलवायला आला. "दादा, चल, बघ काय झालंय." खांबाखाली त्याच्या आणि माझ्या खाचरात मिळून तीन-चार गुंठ्यांचा गोल हिरवागार उभा होता. परकारानं काढल्यासारखा. बाकीच्या भाताला लोंब्या येऊन वाकायला लागल्या होत्या. गोलातलं भात अजून पोटरीतही नीट आलं नव्हतं. मग व्हायचं ते झालं. सगळ्यांची कापणी उरकली तेव्हा एवढाच तुकडा उभा, म्हणून तालुक्यातले सगळे पोपट आणि उंदीर तिथेच जेवायला आले. दाणा भरला नाही, निम्मा फोल.

याचं कारण दारात नाही, पण त्याच पानात आहे. पानात दिवस-रात्र मोजणारं आणखी एक भान असतं. ते तांबड्या उजेडाला जागं असतं. आमची गरवी भातं रात्र लांब झाल्याशिवाय निसवत नाहीत. भाद्रपद सरता सरता रात्र वाढते, पान ती मोजतं, आणि आता लोंबी काढायला हरकत नाही असं वर कळवतं. रात्रभर दिवा असला की मोजणीच होत नाही. पानाच्या वहीत रात्र पडतच नाही. हळवी भातं हे मोजमाप फारसं करत नाहीत, ती दिवस भरले की निसवतात. त्यामुळे शेजारच्या हळव्या भाताला त्याच दिव्यानं काही केलं नव्हतं. जपानात हा त्रास इतका जुना आहे, की तिथल्या यामागुची विद्यापीठातल्या लोकांनी भाताला कमी बाधेल असा रस्त्याचा दिवाच तयार केला. आपल्याकडे दिवा लावणाऱ्याला खाली भात कुठलं हे कोण विचारतं? आणि विचारलं तरी, हळवं की गरवं हे त्याला कळणार कसं?

पाड्याच्या देवळात बैठक बसली. शेजारी तापलेला. "शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढून कसला उजेड? बंद करा तो दिवा." दुसऱ्या बाजूला तरणी पोरं. त्यांचं म्हणणं, चाळीस वर्षं अंधारात काढली, आता कुठे सुधारणा आली, आणि तुम्ही तीन गुंठ्यांसाठी रडताय. दोन्हीकडून आवाज चढले. मीही शेजाऱ्याच्या बाजूनं बोललो. पानाला रात्रीचा हक्क आहे, ती त्याची मोजणीची वेळ आहे, असं काहीबाही मी सांगितलं आणि काही जण हसले. हसू द्यात. ते मला आजही खरं वाटतं.

सूनबाई मागे बायकांत बसली होती. ती ठाण्याला एका दवाखान्यात नर्स आहे. दुसरी पाळी करून येते तेव्हा स्टेशनावर उतरायला अकरा वाजतात. ती उठली नाही, बसल्या जागेवरून बोलली.

"मामा, तुम्ही सगळे भाताचं बोलताय. मी रात्री सव्वाअकराला त्या वळणावरून येते. दिवा नव्हता तेव्हा मी घराची किल्ली मुठीत धरून चालायचे. टोक बाहेर काढून. पाच वर्षं."

कुणी काही बोललं नाही. मग वाडीवरची एक म्हातारी म्हणाली, की भाजीची पाटी घेऊन पहाटे तीनला पहिल्या गाडीसाठी निघावं लागतं, तेव्हा त्या वळणावर तीही नातवाला सोबत घ्यायची. आता घेत नाही, पोराची झोप होते.

किल्लीचं मला माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं. सासऱ्याला कुठली सून असलं सांगते?

त्या रात्री मी पडून विचार केला तो पानाच्या दाराच्या अंगानंच केला. बैठकीत आम्ही पुरुष ज्याला उजेड म्हणत होतो तो निमंत्रणाचा उजेड होता. सुधारणा, झगमगाट, गाव मोठं दिसणं. पोरं त्यासाठी भांडत होती आणि शेजारी त्याच्याविरुद्ध. सूनबाई जे बोलली ते उजेडाचं बोलणंच नव्हतं. ती मुळाची खबर होती. खालून आलेली, तहानेची. पानात असं झालं असतं तर निकाल कुणाच्या बाजूनं लागला असता हे मला ठाऊक होतं.

पण इथे एक अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. भाताचीही गरजच होती. रात्र ही भाताची चैन नव्हे. म्हणजे निमंत्रण एकीकडे आणि तहान दुसरीकडे, असा सरळ मामला राहिला नाही. दोन्हीकडे तहानच. एका बाजूला बाईचं निर्धास्त चालणं, दुसऱ्या बाजूला पाच-सहा पायल्या भात. असं मांडलं की हिशेब सोपा वाटतो, कुणीही सोडवील. मला तो सोपेपणाच खुपतो. कारण हिशेब मांडणारे आम्ही. बाई बोलू शकते, भात बोलत नाही. भाताच्या वतीनं बोलतो तो शेतकरी, आणि त्याला भाताची रात्र नको असते, भाताचा दाणा हवा असतो. माझ्या तोंडून पानाचा हक्क निघाला खरा, पण माझ्या खाचरातलं भात निसवलं असतं तर तो निघाला असता का? शेजाऱ्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, "दादा, तू दहावी शिकलास तेच वाईट झालं."

पानालाही कधी कधी दोन गरजांत सापडावं लागतं. तेव्हा ते काय करतं हे बघण्यासारखं आहे. ते दरवेळी पूर्ण मिटत नाही की पूर्ण उघडत नाही. सकाळी गारव्यात उघडून घेतं, दुपारी मिटतं, ऊन कललं की जमलं तर पुन्हा थोडं उघडतं. आणि शेजारच्या दोन दारांचं उघडणंही अगदी एकसारखं नसतं. नातीच्या त्या ठशात मी पाहिलं, एक बऱ्यापैकी उघडं, त्याच्याच शेजारचं अर्धवट. एका पानावर हजारो दारं आहेत म्हणून त्याला असं थोडं-थोडं करता येतं. एकच मोठं दार असतं तर झाड केव्हाच मेलं असतं.

आम्हीही तसंच काहीतरी केलं. तेलाचा चौकोनी डबा कापला, वायरमनच्या पाया पडून खांबावर चढायला लावलं आणि दिव्याला खाचरांच्या अंगानं पत्र्याची झापड लावली. उजेड रस्त्यावर पडतो, शेतात कमी जातो. अगदी थांबत नाही. खांबाजवळच्या पट्ट्यात आता गरवं लावायचं नाही, हळवं लावायचं, असं शेजारी आणि मी ठरवलं. त्याला ते मनातून पटलेलं नाही. त्याच्या आजाच्या वेळेपासून त्या खाचरात गरवंच होतं, त्याच्या पेंढ्यावर त्याची गुरं जगली, हळव्याचा पेंढा तेवढा येत नाही. हे नुकसान कुठल्याच बैठकीत कुणी मोजलं नाही. मी मोजलं, कारण माझाही पेंढा कमी आला.

पहिल्या पावसाळ्यात वादळानं झापड उडाली ती माझ्या ओटीवर येऊन पडली. पुन्हा लावली, या खेपेला तारेनं बांधून. सूनबाईनं खाली उभं राहून टॉर्च धरला होता आणि वळणाच्या कोपऱ्यात अंधार राहतोय, झापड थोडी अलीकडे घ्या, असं ती सांगत होती. शेजारी बांधावरून सांगत होता, पलीकडे घ्या. वायरमन वर लटकलेला. शेवटी त्यानंच दोघांना गप्प केलं आणि त्याला बरी वाटली तिथे तार पिळली.

यंदा खांबाजवळचं हळवं निसवून पिकायलाही लागलंय. त्याच्या मागे, झापडीच्या कडेनं उजेडाची एक चिरी अजून जाते तिथे, माझ्या गरव्याच्या दोन ओळी मागे राहिल्यात. बाकीच्या खाचराच्या लोंब्या वाकल्या. सूनबाई पाळीवरून येताना तिथे थांबते, टॉर्च मात्र पिकावर मारत नाही, हे मी पाहिलंय. घरात आली की चप्पल काढता काढता विचारते, "मामा, आल्या का लोंब्या?"

मी सांगतो, "अजून पोटरीत आहे. जेवून घे."